परात्परपदाचा पाठपोट अर्ज

माणसाला वर जायची ओढ असते. घर बांधून झालं की तो माडी चढवतो, माडी झाली की गच्ची, गच्चीवर टाकी, आणि टाकीवर उभं राहिल्यावर शेजाऱ्याचं अंगण कसं दिसतं हे बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही. त्याच्याही वर जायचं म्हटलं तर मग एकटा देवच उरतो. इतर गावांत यासाठी लोक तप करतात, उपास करतात, मौन धरतात, आणि त्यात त्यांचं आयुष्य निघून जातं. कोल्हापुरात संस्था काढतात.

हे फार सोयीचं आहे. संस्था निघाली की चेअरमन लागतो, चेअरमन झाला की फलक लागतो, फलक लागला की काम निम्मं झालं. 'आरोहण प्रार्थना मंडळ, कळंबा रोड' ही संस्था याच पद्धतीने निघाली. इमारतीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी, पहिल्या मजल्यावर शिवणक्लास, दुसऱ्यावर मंडळाचं सभागृह आणि त्याच्यावर गच्ची आहे. गच्चीच्या वर काय आहे याची नोंद मंडळाच्या उद्दिष्टांत सापडते.

संस्थापक चेअरमन हंबीरराव हे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. (कोल्हापुरात ख्रिस्ती माणसाचं नाव हंबीरराव असतं आणि नाताळला त्याच्या घरी पांढरा रस्सा होतो. यात नवल फक्त परगावच्यांना वाटतं.) जुन्या चर्चच्या मंडळीत वडीलपणाच्या, म्हणजे पंचपदाच्या, निवडणुकीला ते तीनदा उभे राहिले आणि तीनदा राहूनच गेले. पराभव हा शब्द ते वापरत नाहीत. 'आपली उंची कमी पडली' असं म्हणतात. तिसऱ्यांदा उंची कमी पडली त्या दिवशी घरी येऊन त्यांनी समाधानासाठी पवित्र शास्त्र उघडलं, आणि समोर एका संदेष्ट्याच्या भविष्यवाणीचं पान आलं.

पानाच्या तळाशी कोणीतरी बोलत होता. मी स्वर्गात चढून जाईन, म्हणत होता. ताऱ्यांच्या वर माझं आसन मांडीन. उत्तरेच्या टोकाला, सभेच्या डोंगरावर बसेन. ढगांच्या वर जाईन. मी परात्परासारखा होईन. पाच वाक्यं, आणि पाचही वाक्यांत ठासून 'मी'. हंबीररावांना वाटलं की आपलंच भाषण कोणीतरी आधी छापून ठेवलंय. पान तिथं संपलं होतं. त्यांनी त्यात एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलं आणि सकाळी त्या पानाच्या दोनशे झेरॉक्स काढून आणल्या. कागद वाया जाऊ नये म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला सभासदत्वाचा अर्ज छापला. अशा रीतीने मंडळाचं शास्त्र आणि मंडळाचं कार्यालय एकाच कागदावर पाठपोट आलं. मूळ ग्रंथ कपाटात गेला आणि किल्ली चेअरमनकडे राहिली.

सेक्रेटरी म्हणून आकाराम यांची निवड झाली, ती बिनविरोध. आकाराम पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. वरून आलेला कागद वाचायचा नसतो, त्याच्यावर क्रमांक घालायचा असतो, हे त्यांच्या नोकरीचं सार होतं आणि त्यात त्यांची एकही चूक कधी निघाली नाही. चौतीस वर्षांत त्यांना बढतीही निघाली नाही. त्यांची खुर्ची पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मुतारीच्या भिंतीला लागून होती, आणि तिच्यावर बसून त्यांनी अकरा साहेब वर जाताना पाहिले. प्रत्येकाच्या निरोपसमारंभाला हार आकारामच आणायचे. हे दुःख त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण हंबीररावांनी कागद समोर ठेवला आणि 'पाच पायऱ्या हायत, सेक्रेटरी' म्हणाले तेव्हा आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा साधा बढतीचा नियम त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्यांनी कागद वाचला नाही, त्यावर क्रमांक घातला. मग तीन रात्रीचं काम दोन दिवसांत करून नियमावली तयार केली. ती आजही मंडळात लागू असल्याने इथे थोडक्यात देणं योग्य होईल.

पहिली पायरी, स्वर्गात चढणे. उमेदवाराने चाळीस दिवस जिना चढून सभागृहात यावं. उतरण्याची नोंद ठेवली जात नाही. ही पायरी साधल्याची खूण म्हणजे खालच्या लोकांचं काय चाललंय ते बघून हसू येतं, आणि आपण त्यांच्यातले नाही याचं मनातल्या मनात बरं वाटतं. (गिरणीसमोर डोकीवर डबे घेऊन उभ्या बायका या कामी फार उपयोगी पडल्या.)

दुसरी पायरी, ताऱ्यांच्या वर आसन. नाताळचा कागदी तारा सभागृहाच्या गॅलरीला टांगलेला होता तो कोणी काढला नव्हता. गच्चीवर खुर्ची टाकली की तारा आपोआप खाली येतो. खुर्चीला हात असावेत.

तिसरी पायरी, उत्तरेचं टोक. सभागृहाच्या उत्तर कोपऱ्यात पंखा असल्यामुळे या पायरीसाठी शास्त्र सापडायच्या आधीपासूनच भांडणं होती. आता ती पात्रतेनुसार होऊ लागली.

चौथी पायरी, ढगांच्या वर. जुलै महिन्यात पन्हाळ्याला जाऊन पायाखाली ढग असल्याचा फोटो आणावा. पहिल्या वर्षी चौदा उमेदवार गेले. पैकी अकरा जण ढगाच्या आत सापडले (त्यातले सहा पास धरले), दोघांना काहीच दिसलं नाही, आणि उपाध्यक्ष सम्राट, ज्यांचा डिजिटल फलकांचा धंदा आहे, त्यांच्या फोटोत पायाशी दिसणारा धूर कणसं भाजणाऱ्या बाईच्या शेगडीचा होता. छाननी समितीने तो ढग धरला.

पाचवी पायरी, परात्परासारखे होणे. यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, 'उमेदवार परात्परासारखा झाला आहे' असा रक्ताच्या नातेवाइकाचा सही किंवा अंगठ्यासह दाखला. दोन, लोकांसमोर परीक्षा. उमेदवाराने गच्चीवर उंच आसनावर बसायचं, फोन समोर स्टुलावर ठेवायचा, आणि ओळीने तीन फोन वाजून बंद होईपर्यंत उचलायचा नाही. यामागचा विचार सरळ होता. देवाला सगळे हाका मारतात, देव लगेच उठून येतो का?

याशिवाय एक सर्वसाधारण नियम होता, क्रमांक सात. चढत्या काळात सभासदाने खालच्या कामासाठी उतरू नये. खालची कामं पुढीलप्रमाणे: (अ) आजारपण, (आ) मयत, (इ) तुंबलेली मोरी, (ई) नातेवाईक.

सप्टेंबरअखेरीस सभासद सत्त्याऐंशी झाले. पहिल्या पायरीवर सत्त्याऐंशी, दुसरीवर एकसष्ट (खुर्च्या तेवढ्याच होत्या), तिसरीवर चौदा, चौथीवर सात आणि पाचवीवर एक. एक म्हणजे चेअरमन. त्यांची परीक्षा झाली तेव्हा तिन्ही फोन त्यांना मत न देणाऱ्यांनी केले होते, त्यामुळे न उचलणं जड गेलं नाही. दुसरे पाचवीला बसणार होते आकाराम.

आता आक्काबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ती नियम सात (ई) मध्ये येते.

आक्का म्हणजे आकारामची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. तिने लग्न केलं नाही. जयसिंगपुरात चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शास्त्र शिकवलं, आणि ते करता करता सगळं पाठ झालं. हे चांगलंच झालं, कारण आता तिला दिसत नव्हतं. उजवा डोळा मोतीबिंदूने गेलाच होता, डाव्यातला पिकत होता.

तिने पहिला फोन फेब्रुवारीत केला. "आकाराम, कोल्हापुरात दाखवायला न्यायचं म्हंतोयास न्हवं? कवा येतोस?" आकाराम पहिल्या पायरीवर होते, चाळीस दिवसांत खंड पडला असता. एप्रिलमध्ये तिने पुन्हा विचारलं, तेव्हा आसनाचं चाललं होतं. जुलैत पन्हाळा आला. प्रत्येक वेळी आक्का म्हणाली, "बरं बरं, तुझं काम होऊंदे आदी." ती रागावली असती तर आकारामला बरं वाटलं असतं, पण ते तिला कधी जमलंच नाही.

शेवटी तिच्या शेजारच्या नागसेननेच धावपळ केली. हा नागसेन प्राथमिक शाळेत शिक्षक. त्याने कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या नेत्रशिबिरात आक्काचं नाव घातलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आत्ता केलं तर हा डोळा राहील, पुढच्या शिबिराला आठ महिने आहेत आणि तोवर काही उपयोग होणार नाही. शिबिराची तारीख ऑक्टोबरचा दुसरा रविवार, सकाळी दहा. पाचव्या पायरीची परीक्षा ऑक्टोबरचा दुसरा रविवार, सकाळी दहा. दोन्ही तारखा आकारामनी स्वतःच्या हाताने एकाच डायरीत लिहिल्या होत्या, एक आवकमध्ये आणि एक जावकमध्ये, म्हणून त्यांची टक्कर झाली नाही.

तरी बुधवारी त्यांना जयसिंगपूरला जावंच लागलं. रक्ताच्या नातेवाइकाचा दाखला हवा होता. नियम सातला बाधा येऊ नये म्हणून चेअरमननी या प्रवासाला 'कार्यालयीन दौरा' म्हणून मंजुरी दिली. निघताना आकारामच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या, "सहीला निगालायसा व्हय? मला वाटलं म्हातारीला आणायला निगालायसा." आकारामनी चपला घातल्या. चौथ्या पायरीनंतर घरात उत्तर द्यायची गरज नसते.

आक्का उंबऱ्यात बसली होती. "आकाराम का रं? पावलावरनं वळीखलं. आज लई जड टाकायलायस." तिने चाचपत चहा केला, साखरेच्या डब्यात दोनदा बोट घालून बघितलं आणि कप बरोबर त्याच्या हातात दिला.

आकारामनी कागद काढला. "आक्का, ह्याच्यावर तुझा अंगठा पायजे."

"कशाचा हाय?"

"मी परात्परासारखा झालोय म्हणून."

"झालायस?"

"रविवारी होणार हाय."

"रविवारी माझा डोळा हाय की रं." आकारामनी चहा प्यायला. "बरं," ती म्हणाली, "वाच तरी, कशाच्या जोरावर व्हायलायस."

आकारामनी आयुष्यात पहिल्यांदा तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आवाज आपोआप मोठा झाला. पाचवं वाक्य आलं तेव्हा त्यांचा ऊर भरून आला होता.

"फुडं?" आक्का म्हणाली.

"फुडं काय न्हाय. संपलं."

"तितं संपत न्हाय ते. पान उलट."

आकारामनी पान उलटलं. मागे सभासदत्वाचा अर्ज होता. नाव, वय, पायरी क्रमांक, नातेवाइकाच्या दाखल्याची जागा, आणि कोपऱ्यात त्यांचाच पासपोर्टचा फोटो.

आक्काने डोळे मिटले. मिटले काय आणि उघडे काय, पण तिची ती पाठ म्हणायची सवय होती. "पर तुला खाली उतरवत्यात, पार खड्ड्याच्या तळापतोर. आन् बगणारी तुज्याकडं वाकून वाकून बगत्यात, म्हंत्यात, ह्योच का त्यो, ज्याच्या नावानं मुलूख कापत हुता?" तिने डोळे उघडले. "हे मी-मी म्हणणारा कोण हाय, ठावं हाय का तुला? बाबेलचा राजा, बॅबिलोन म्हंत्यात तितला. ताऱ्यागत चमकत हुता आन् धाडदिशी खाली आला. संदेष्टा त्याची टर उडवायलाय रं बाबा! आन् तुमी त्याचा अभ्यासक्रम केलायसा? रविवारच्या शाळेत शिकिवलंतं मी तुला. तू तवा खिडकीतनं पतंग बघत बसलातास."

आकारामनी कागदाची पुढची बाजू पुन्हा उलटून बघितली. चौतीस वर्षांत एकही कागद चुकीच्या फायलीला लागला नव्हता, आणि निवृत्तीनंतर आख्खं मंडळच चुकीच्या फायलीला लागलं होतं.

"आपला देव तर खाली आला की," आक्का म्हणाली. "गोठ्यात आला. मासं धरणाऱ्यांचं पाय धुतलं त्यानं. तुमी वर निगालायसा, त्यो खाली आलाय. जिन्यात चुकामूक व्हायची तुमची."

यावर आकाराम जे बोलले ते त्यांच्या सेवापुस्तकाला शोभणारं होतं. ते म्हणाले, "मग अंगठा देतीस का न्हाय?"

"देतो की. तू मागितलंस आन् मी न्हाय म्हणलं, असं झालंय का कवा?" तिने अंगठा शाईत बुडवला, कागदावर चाचपला आणि दाबला. दिसत नसल्यामुळे तो नेमका फोटोवर उमटला. आकारामच्या चेहऱ्याच्या जागी निळ्या रेघांचा एक गोल तयार झाला. परतीच्या एसटीत त्यांनी तो कागद चारदा काढला आणि चारदा घडी घालून ठेवला. त्यांना लाज वाटत होती. अंगठा चुकीच्या जागी आला म्हणून वाटतेय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, पण सांगली फाट्यापर्यंतसुद्धा ती टिकली नाही.

शनिवारी दुपारी कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. हजर अकरा अधिक सेक्रेटरी. सेक्रेटरींनी विषय मांडला, तो असा: आपल्या शास्त्राच्या पुढे आणखी एक पान असून, त्यात उमेदवार खाली पडतो.

 खाली गिरणीत कोणाची तरी ज्वारी चालू होती.

हंबीरराव शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरी, शास्त्र फुडच्या बाजूला हाय. मागची बाजू कार्यालयाची. कार्यालयात शास्त्र आणू नगासा."

"पर चेअरमन, हे बोलणारा देवाचा माणूसच न्हवं. त्यो बाबेलचा राजा. त्याची चेष्टा चालल्या तितं."

"राजा हुता का न्हाय?" हंबीररावांनी विचारलं. "मग चेष्टा कशी आसंल? आपल्यात राजाची कोण चेष्टा करतंय?" हा मुद्दा सर्वांना पटला.

मग सम्राट उठले. फलक छापणाऱ्या माणसाला दूरचं दिसतं. ते म्हणाले, "माझं एक ऐकतासा का? त्यो पडला म्हणतासा. ठीक हाय. पडला म्हंजे आदी वर पोचला हुता का न्हाय? वर न पोचता कोण पडतंय व्हय? म्हंजे पद्धत बराबर हाय. रेलिंग नसणार."

टाळ्या वाजल्या. चर्चेला आता दिशा मिळाली होती. एका सदस्याने बाबेलात बांधकामाचा दर्जा तसाच होता अशी माहिती दिली. (त्यांचे मेहुणे सेंट्रिंगच्या कामात आहेत.) ठराव क्रमांक त्रेचाळीस एकमताने मंजूर झाला: 'पुढील पानावरील घटना ही सुरक्षेच्या अभावी घडलेली असल्याने मंडळाच्या गच्चीला तातडीने कठडा बसवावा व आरोहण पूर्ववत चालू ठेवावे.' बाजूने अकरा, विरोधी कोणी नाही. सेक्रेटरींना मत नसतं, वही असते. आकारामनी ठराव सुवाच्य अक्षरात लिहिला आणि त्याला क्रमांक घातला.

छाननी समितीने दाखलाही स्वीकारला. फोटोवरच्या अंगठ्याबद्दल त्यांचं मत असं पडलं की परात्पराचा चेहरा दिसत नसतोच.

रविवारी सकाळी शालूबाईंनी इस्त्रीचा सदरा काढून दिला. "आक्काचं काय ठरलं?"

"नागसेन आणणार हाय."

"रक्ताचा न्हाय त्यो," शालूबाई म्हणाल्या. "नाव तुमचं लिवलंय तिच्या कागदावर, नातेवाईक म्हणून. तितंबी सहीच पायजे आसंल."

गच्ची भरली होती. कठडा एका रात्रीत होणं शक्य नव्हतं, म्हणून सम्राटनी आठ फुटी फलकाची चौकट आडवी बांधून घेतली होती. फलकावर आकाराम होते, गॉगल घातलेले, डोक्यामागून किरणं निघालेली, आणि खाली मजकूर: 'परात्परासारखे झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त मित्र परिवार, कळंबा रोड.' आकारामनी उभ्या आयुष्यात स्वतःचा एवढा मोठा फोटो पाहिला नव्हता. खोटं कशाला सांगा, त्यांना छान वाटलं. ते आसनावर चढले. उत्तरेचा वारा येत होता. खाली कागदी तारा हलत होता, त्याच्या खाली शिवणक्लासच्या खिडक्या, त्याच्या खाली डबे घेतलेल्या बायका. एवढ्या वरून मुतारीची भिंत कुठेच दिसत नव्हती.

फोन स्टुलावर ठेवला गेला.

पहिला फोन मोबाइल कंपनीचा होता. तो वाजून बंद झाला. "एक!" लोक ओरडले.

दुसरा शालूबाईंचा होता. त्यांनी मुद्दामच केला असावा. "दोन!" कोणीतरी शिट्टी मारली. हंबीररावांनी हार हातात घेतला.

मग बराच वेळ काही झालं नाही. लोक घड्याळं बघू लागले. दहा पस्तीसला फोन तिसऱ्यांदा वाजला आणि पडद्यावर अक्षरं आली: आक्का. तिला आकडे दिसत नसत, म्हणून नागसेनने तिला एकच बटण शिकवून ठेवलं होतं, आणि ते दाबलं की फक्त आकारामच लागत.

फोन वाजत राहिला. सत्त्याऐंशी माणसं श्वास रोखून तिसरा आकडा म्हणायला तयार होती. चौतीस वर्षांची खुर्ची, अकरा निरोपसमारंभ, पन्हाळ्याचं धुकं, सगळं या एका घंटीशी येऊन थांबलं होतं. आणखी पाच-सहा वेळा वाजली असती की झालं असतं. आकारामनी हात मांडीखाली दाबून धरला होता. तो कधी सुटला ते त्यांना कळलं नाही.

"हॅलो, आक्का."

"आकाराम का? पोचलो बग हितं. नागसेन कागद करायला गेलाय. आत घ्यायलेत मला आता, चपला काड म्हणायलेत." पलीकडे गडबड होती. "चपला कुणाजवळ देऊ रं?"

बाकी ती काही बोलली नाही. ये म्हणाली नाही, का आला नाहीस म्हणाली नाही. आकाराम उठले आणि आसनावरून खाली उतरले.

गच्चीवर आरडाओरडा झाला. जिन्यात तर अडचणच झाली, कारण समारंभाला उशिरा आलेले सगळे वर चढत होते आणि एकटे आकाराम उलटे येत होते. "अवो, वर वर! सेक्रेटरी, वर हाय कार्यक्रम," लोक त्यांना खांद्याला धरून सांगत होते. उतरण्याचा अर्ज मंडळात नव्हता. तो आकारामनीच कधी तयार केला नव्हता. ते कोपरं मारत खाली आले, डब्यांच्या बायकांमधून वाट काढली, एकीचं पीठ सदऱ्याला लागलं, आणि मिळेल त्या रिक्षात बसले.

दवाखान्याचा डोळ्यांचा विभाग तळमजल्याला आहे. आक्का हिरवा झगा घालून बाकावर बसली होती आणि तिने चपला छातीशी धरल्या होत्या. "आलास?" ती म्हणाली. "धर." आकारामनी चपला धरल्या, कागदावर नातेवाइकाच्या रकान्यात सही केली, आणि सही करण्याआधी तो कागद वाचला, दोन्ही बाजूंनी. नंतर दीड तास ते त्या चपला मांडीवर घेऊन बसले. डाव्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता. हे कधीपासून असेल, असा विचार करून त्यांना रडू आलं, आणि बाकावरच्या अनोळखी माणसाने, "हुतंय बरं, पावणं, काय काळजी करू नगा" म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

डोळा राहिला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आक्काने भावाकडे निरखून बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "केस किती पिकलं रं तुझं."

मंडळाच्या वहीत नव्या सेक्रेटरींच्या हातची नोंद आहे: 'माजी सेक्रेटरी यांचे दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजून सदतीस मिनिटांनी पतन झाले. ते कठड्यावरून नसून जिन्याने झाले, सबब कठड्यात दोष नाही.' जिन्याला आता दार बसवलंय. फलक वाया गेला नाही, गॉगल आणि किरणं ठेवून फक्त चेहरा बदलला. सभासद एकशे बारा झाले असून, उत्तरेला पडतं म्हणून पेठ वडगावला शाखाही निघते आहे. आकाराम रविवारी जयसिंगपूरला जातात आणि आक्काच्या चपला दुरुस्त करून आणल्या असं लोकांना सांगतात, जणू काही मोठं पद मिळालंय.

राहता राहिला एक कार्यालयीन विषय, आणि तो आपला आहे.

पहिल्या पायरीची खूण वर दिलेली आहे. ती पुन्हा वाचण्याची तसदी घ्यावी. कणसाच्या धुराला, कठड्याला आणि हंबीररावांना आपण हसलात, आणि आपण त्यांच्यातले नाही याचं मनातल्या मनात बरंही वाटलं. त्यामुळे आपलं नाव वहीत घेतलेलं आहे, वेगळा अर्ज लागत नाही. आसन आपण बसला आहात तेच धरलं जाईल. आणि हे वाचता वाचता मध्येच कोणाचा तरी फोन वाजला असेल, नाव बघून आपण 'नंतर बघू' म्हणत तो तसाच वाजू दिला असेल, तर पाचवीची परीक्षाही झाली. फोन ज्यांचा होता त्यांचा अंगठा तेवढा आणून द्यावा.